तिच्या मागचं नाव

"बाई, आज मुलाखती विद्यार्थ्यांच्या आहेत. पालकांनी बाहेर बसायचं," टेबलामागच्या मधल्या खुर्चीवरचे सर म्हणाले.

"पालक आहेच मी. पण आत्ता हाक मारलीत ती माझ्याच नावाची," असं म्हणून स्टेनोबाई तशाच उभ्या राहिल्या.

तिघा परीक्षकांनी पुन्हा कागद चाळले. वय चोपन्न. कोर्टात लघुलेखक. पदवी नोकरी करता करता, बाहेरून परीक्षा देऊन घेतलेली. चित्रपट आणि टीव्हीसाठी पटकथा लिहायला शिकवणारा हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. जागा मोजक्या, आणि लेखी परीक्षेतून निवडून आलेल्या पोरासोरांत ही बाई. सरांनी समोरच्या खुर्चीकडे हात केला.

"पटकथा का शिकायची आहे तुम्हाला?"

"मला नाही शिकायची. मुलाला शिकायची आहे. मी नुसती त्याच्या सोबतीला परीक्षेला बसले."

तिघंही हसले. बाईंनाही हसू आलं, पण त्या खोटं बोलत नव्हत्या.

त्यांचा मुलगा लहानपणापासून बोलघेवडा. इमारतीच्या जिन्यात पोरं गोळा करून तो पाहिलेल्या, न पाहिलेल्या सिनेमांच्या गोष्टी सांगायचा आणि ऐन रंगात आली की "मध्यंतर" म्हणून जेवायला घरी पळायचा. पोरांनी त्याचं नावच मध्यंतर ठेवलं, पुढं त्याचा मध्या झाला आणि नवीन माणसांना ते त्याचं खरंच नाव वाटू लागलं. वडील लवकर गेले. मग घरात सांगणारा एक आणि ऐकणारी एक, असे दोघेच उरले. मध्या सांगायला बसला की माणसं डोळ्यांसमोर उभी राहायची. पण कागद पुढं आला की त्याच्या हाताला घाम सुटायचा. दोन वर्षं त्यानं ही प्रवेश परीक्षा दिली आणि दोन्ही वर्षं निम्मा पेपर कोरा ठेवून आला. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "आई, तूही फॉर्म भर ना. वयाची अट नाहीये. तू त्याच हॉलमध्ये कुठंतरी बसलेली असलीस तर माझा हात चालेल."

बाईंनी भरला. पोरासाठी आया काय काय करतात, त्या मानानं हे काहीच नव्हतं. आणि मध्याचा हात खरोखरच चालला. मान खाली घालून तो शेवटच्या घंटेपर्यंत लिहीत होता. नुसतं बसून त्याच्या पाठीकडे किती वेळ बघायचं, म्हणून मग बाईंनीही लिहिलं.

"कोर्टात इतकी वर्षं लोकांचं बोलणं उतरवून घेतलंत," सर विचारत होते. "कंटाळा नाही आला?"

"बोलण्याचा नाही आला. पण रेकॉर्डवर नुसतं बोलणंच येतं हो. एकदा एक म्हातारा सख्ख्या भावाविरुद्ध साक्षीला उभा होता. 'माझा त्याच्यावर राग नाही' म्हणाला, ते मी घेतलं. पण सांगताना तो समोरच्या कठड्यावरची धूळ बोटानं पुसत होता. सारखी एकच जागा. ते कुठं घ्यायचं? ते माझ्यापाशीच राहिलं. असं पुष्कळ साठलंय."

सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मुलाखत चांगलीच लांबली. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचे कान गरम झाले होते. इतका वेळ कुणी आपल्याला काही विचारलंय आणि उत्तर ऐकून घेतलंय, असं त्यांना आठवेना.

त्यांच्यानंतर मध्या आत गेला आणि फार लवकर परत आला.

"कसं झालं रे?"

"बरं झालं." जिना उतरताना तो म्हणाला, "अर्धा वेळ तुझ्याबद्दलच विचारत होते. आई घरीही अशाच गोष्टी सांगते का म्हणून."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, नाही. घरी मी सांगतो, ती ऐकते." आणि तो हसला. बाईंच्या हातातली पिशवी त्यानं आपल्याकडे घेतली.

निकालाचा फोन बाईंना कोर्टातच आला. मधल्या सुट्टीत त्या खिडकीशी डबा उघडत होत्या. संस्थेच्या कार्यालयातली बाई मोठी गोड बोलणारी होती. "अभिनंदन हं. तुमची निवड झालीय. आणि गंमत सांगू का? तुमचं आहे ते शेवटचं नाव. तुमच्या मागचं नाव तुमच्याच मुलाचं. तुम्ही जागा सोडलीत तर ती त्याला जाते. काय ते सोमवारपर्यंत कळवा."

"सोडते की," असं बाईंच्या तोंडून निघायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं. पण त्या म्हणाल्या, "कळवते."

त्या रात्री मध्याला नुसता निकाल सांगितला. तो क्षणभर ताटाकडे बघत राहिला, मग मान वर करून म्हणाला, "झकास. घरात एक तरी लेखक झाला." दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःसाठी घेऊन ठेवलेली खांद्याची बॅग झटकून, पुसून आईच्या खुर्चीला अडकवली.

सोमवारपर्यंत बाई रोज सांगायचं ठरवत होत्या. सकाळी चहाच्या वेळी सांगू, मग म्हणत, तो कामावरून आला की सांगू. पण हळूहळू मनात दुसरीच कारणं गोळा व्हायला लागली. आईनं उष्टं करून सोडलेलं पान तो घेईल का? स्वाभिमानी पोरगा. शिवाय तो तरुण आहे, पुढच्या वर्षी मिळेलच त्याला. आपल्याला पुढचं वर्ष कोण देणार? कारणं सगळी खरी होती. एखादं जरी खोटं असतं तर त्यांनी ते पकडलं असतं. आयुष्यभर साक्षी ऐकल्या होत्या. सोमवारी दुपारी कार्यालयात फोन करून त्यांनी सांगितलं, "मी येते."

मग त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. कोर्टातल्या लोकांनी टिंगल केली, "स्टेनोबाई आता सिनेमात जाणार, आम्हाला ओळख दाखवा हो." वर्गात पोरं त्यांना काकू म्हणू लागली. आपापसांत भांडली की न्यायाला काकूंकडे यायची. सर दर तासाला एकच प्रश्न उगाळायचे: "या माणसाला काय हवंय, आणि ते मिळवायला तो काय करतो?" दृश्यात माणसाच्या मनातलं लिहायचं नाही, कॅमेऱ्याला जे दिसेल तेवढंच लिहायचं, असा त्यांचा दंडक होता. बाईंना ते फार आवडायचं. घरी येताना त्या रस्त्यानं भरभर चालत. चपलेचा अंगठा तुटला तरी त्यांचं लक्ष नसे.

पहिले काही महिने मध्या संध्याकाळी विचारायचा, "आज काय शिकवलं?" गुडघ्यावर हनुवटी टेकून तो ऐकायचा. बाई सगळं सांगायच्या. लघुलेखकाची स्मरणशक्ती, सरांचा खोकलासुद्धा सुटत नसे. कधी कधी तो मध्येच म्हणायचा, "पण आई, त्या बाईनं दार उघडलंच नाही तर?" आणि दृश्य एकदम वेगळं होऊन जायचं. असाच एकदा त्यानं सुचवलेला शेवट बाईंनी वर्गात वाचला. सर खूश झाले. "काकू, हे कुठून सुचलं?" बाई म्हणाल्या, "असंच." घरी येऊन त्यांनी मध्याला सांगितलं, "तुझा शेवट सरांना फार आवडला."

"माझा म्हणून आवडला का?" त्यानं विचारलं. स्वर साधाच होता.

बाई शेंगा सोलत होत्या. त्या सोलत राहिल्या. तोही उठला नाही, दुसरंच काही बोलू लागला. पण त्यानंतर आज काय शिकवलं ते त्यानं कधी विचारलं नाही.

पुढं त्यानं नोकरी बदलली. नळ, शॉवर आणि बेसिनच्या एका मोठ्या दुकानात लागला. तिथं त्याचा जम बसला. गिऱ्हाईक दारात आलं की मध्या त्याला एखाद्या नळाची गोष्टच सांगायचा. कुणाच्या घरी बसवला, म्हातारे सासरे रात्री उठले तरी आवाज कसा होत नाही, सून कशी खूश झाली. माणसं हसत हसत नळ घेऊन जायची. मालक म्हणायचा, "हा पोरगा गंजका पाइपसुद्धा विकेल."

बाईंचं पहिलं वर्ष संपलं आणि पुन्हा प्रवेश परीक्षेचे दिवस आले. त्यांनी फॉर्म आणला. घरी विषय काढला की मध्या "बघू" म्हणायचा. शेवटची तारीख आली तेव्हा त्या फॉर्म घेऊन सरळ दुकानात गेल्या. दुपारची वेळ होती, गर्दी नव्हती. भिंतभर नळ लावलेले, एकाही नळाला पाणी नाही. मध्या एका पेटीतले वायसर मोजत होता.

"अरे, आज शेवटचा दिवस आहे. सही कर, मी नेऊन देते."

"त्या रविवारी दुकानात मालाची मोजणी आहे."

"मोजणी काय, दुसरं कोणी करेल. मी बोलते मालकांशी."

"आई, नको." त्यानं पेटीचं झाकण लावलं. "मला नाही द्यायची परीक्षा."

"असं का करतोस? या वर्षी तुला नक्की मिळेल. तू कुठं कमी आहेस का कुणापेक्षा?"

"मिळायचं होतं ते मागच्याच वर्षी मिळत होतं," मध्या म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो त्यांच्याकडे बघत नव्हता. बाजूच्या नळावरचा बोटाचा डाग फडक्यानं पुसत होता.

"कुणी सांगितलं तुला?"

"ऑफिसातल्या बाईनं. तुला केला तसा मलाही फोन केला होता त्यांनी. तुमच्या पुढं तुमची आईच आहे, सोमवारपर्यंत थांबा म्हणाल्या. मोठ्या कौतुकानं सांगत होत्या."

"मी सांगणार होते तुला."

"माहितीय. त्या आठवड्यात तू रोज काहीतरी सांगणार होतीस. तुझ्या तोंडावर दिसत होतं."

"मग मागायचं होतंस तरी." बाईंचा आवाज चिरकला. "हक्कानं मागायचं. मी नाही म्हटलं असतं का?"

"नसतं म्हटलं. मागितलं असतं तर तू दिलंच असतंस." त्यानं फडकं घडी करून खिशात ठेवलं. "म्हणून तर नाही मागितलं."

दार ढकलून एक जोडपं आत आलं. नवीन घर बांधत होते, मोठ्या बेसिनची चौकशी करायची होती. मध्या लगेच पुढं झाला. त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि बाईंना कळेना की ते आणलेलं आहे की आलेलं. "या, या," तो म्हणत होता, "तुमच्याच घराची गोष्ट सांगतो तुम्हाला." बाईंनी फॉर्मची चौघडी करून ती मुठीत धरली. जोडपं कोपऱ्यात वळेपर्यंत त्या उभ्या होत्या, मग निघाल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गाआधी त्या सरांच्या खोलीत गेल्या. "सर, माझी दुसऱ्या वर्षाची जागा मुलाला द्या."

सरांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकताना कपातला चहा गार होऊ दिला. "असं नाही होत हो," ते शेवटी म्हणाले. "दुसरं वर्ष पहिल्याच्या पुढं असतं. ते उचलून दुसऱ्याला कसं देणार? त्यानं परीक्षा द्यावी."

"तो नाही देत."

"मग तुम्ही पुरं करा. अर्धवट सोडलंत तर तुमचंही गेलं आणि त्याचंही."

बाईंनी पुरं केलं. मनापासून केलं, हेच त्यांना डाचत राहिलं. लिहायला बसलं की त्या सगळं विसरत. उठल्या की आठवे. घरात भांडण असं झालंच नाही. मध्या आईची औषधं आणायचा, पंखा दुरुस्त करून द्यायचा, उशीर होणार असला की फोन करायचा. फक्त गोष्टी सांगायचा नाही. जेवताना बाई मुद्दाम विचारायच्या, "आज दुकानात कोण आलं होतं?" तो म्हणायचा, "नेहमीचीच माणसं." पूर्वी या दोन शब्दांच्या जागी त्यानं तासभर खाल्ला असता.

शेवटच्या परीक्षेसाठी प्रत्येकानं पूर्ण लांबीची पटकथा लिहायची होती. बाईंनी एका जोडप्याची लिहिली. उतारवयात घटस्फोटाचा दावा चाललेला, आणि कोर्ट गावापासून लांब असल्यामुळे प्रत्येक तारखेला दोघांना एकाच बसनं यावं-जावं लागतं. कोर्टात एकमेकांविरुद्ध बोलायचं आणि परतताना एकाच बाकावर बसायचं, कारण दुसरी जागा नसते. वर्गातल्या पोरांना ती गोष्ट आवडली होती. अभ्यासक्रमाचा रिवाज असा की पटकथा सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची. संवाद चार-पाच जण वाटून घेतात, आणि मधली वर्णनं, म्हणजे कोण आलं, कुठं बसलं, काय केलं, एकच जण सलग वाचतो. तो चांगला असला तर ऐकणाऱ्याला चित्र दिसतं.

"ये तू," बाईंनी आदल्या दिवशी मध्याला म्हटलं. "जमलं तर."

तो येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. पण वाचन सुरू व्हायच्या बेताला तो आला. दुकानाचा निळा शर्ट अंगावर तसाच. मागच्या बाकावर कडेला बसला. वर्गातल्या पोरांनी मान हलवून त्याला जागा दिली. कोण म्हणून कुणी विचारलं नाही.

वर्णनं वाचणार होती ती चष्मेवाली मुलगी, तिचा घसा आदल्या रात्रीपासून बसला होता. तोंड उघडलं की फुस्स आवाज. सरांनी इकडंतिकडं पाहिलं. संवादवाल्यांना आपापली कामं होती. "मागं कोण बसलंय? निळा शर्ट? वाचाल का जरा?"

मध्यानं आईकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली की नाही हे त्यांनाच नीट सांगता आलं नसतं. तो पुढं आला, बाड घेतलं आणि उभ्यानंच वाचू लागला.

पहिल्या दोन पानांत तो अडखळला. मग त्याचा आवाज लागला. कधी काळी जिन्यात ऐकलेला तो आवाज, आता जरा जाड झालेला. बस आली, तिच्या दाराशी म्हातारा थांबला, त्यानं बाईला आधी चढू दिलं, मग स्वतः चढला. शब्द बाईंचेच होते, पण त्यांना ती बस आत्ता पहिल्यांदा दिसत होती. एका मुलानं हातातली पाण्याची बाटली उघडली होती, ती त्यानं न पिताच बंद केली.

शेवटचं दृश्य आलं. निकाल लागलेला आहे. दोघं नेहमीच्या थांब्यावर उतरतात. तो डावीकडे निघतो, ती उजवीकडे. चार पावलांवर ती थांबते, हातातल्या दोन पिशव्यांपैकी एक त्याची आहे हे तिच्या लक्षात येतं. ती वळून बघते. रस्ता रिकामा आहे. पुढं बाईंनी एक वाक्य लिहिलं होतं: "आता आपल्याला कुणाची वाट पाहायची नाही, हे तिला पहिल्यांदा उमगतं." त्या वाक्यावर त्यांनी आठवडा घालवला होता. सरांनीही ते राहू दिलं होतं.

"रस्ता रिकामा आहे," मध्यानं वाचलं. आणि थांबला. पानावर त्याची नजर त्या वाक्यापाशी गेलेली बाईंना दिसली. तो ते वाचून गेला, मनातल्या मनात, ओठ न हलवता. मग म्हणाला, "ती पिशवी खाली ठेवते. मग पुन्हा उचलते. समाप्त."

कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. पोरं बाईंभोवती गोळा झाली. मध्यानं बाडाची पानं सारखी केली, ती आईच्या हातात दिली. "चांगलं लिहिलंयस, आई," तो म्हणाला. "निघतो. चारला माल येणार आहे."

"थांब ना जरा. चहा घेऊन जा."

"नको, उशीर होईल." आणि तो दारातून बाहेर पडला. जिन्यात त्याची पावलं थोडा वेळ ऐकू येत होती.

सर बाईंच्या बाजूला येऊन बसले. "हा कोण हो? काय वाचतो! याला कुठंतरी पाहिल्यासारखं वाटतंय."

"माझा मुलगा. मुलाखतीला आला होता, सर. माझ्या नंतर."

सरांनी दाराकडे पाहिलं. मग ते उठले आणि पोरांच्या घोळक्यात गेले.

बाईंनी बाडाचं शेवटचं पान उघडलं. पर्समधून पेन्सिल काढली. पट्टी नव्हती, म्हणून त्यांनी ओळीखाली दुसऱ्या हाताचं बोट आडवं धरलं आणि ते वाक्य सावकाश, एका रेघेत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत खोडलं.